गिअरबॉक्स उघडण्याआधी

ऑटोमॅटिक गाडीचं गिऱ्हाईक हल्ली माझ्याकडे येतं ते बहुतेक वेळा कोटेशन खिशात घालूनच. कुठेतरी गाडी दाखवलेली असते, स्कॅनर लावलेला असतो आणि "पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल" असं सांगून दोन-अडीच लाखांचा कागद हातात दिलेला असतो. माणूस हबकलेला असतो. गाडीचे हप्ते अजून फिटलेले नाहीत, त्यात हे. माझं गॅरेज कराडला, पाटण रस्त्यावर. कोयना खोऱ्यातल्या गाड्या येतात, कुंभार्ली घाट चढून चिपळूणकडच्याही येतात. इतक्या वर्षांच्या कामावरून ठामपणे सांगतो, त्यातल्या पुष्कळ गाड्यांचा गिअरबॉक्स शाबूत असतो. ज्यांचा खरंच बिघडलेला असतो त्यांच्यातही सहसा एखादाच भाग गेलेला असतो, आणि तो कोणता हे बॉक्स खाली उतरवण्याआधी शोधता येतं.

पहिल्यांदा बघायचं, ऑटोमॅटिक कोणत्या जातीचं आहे. लिव्हरवर पी-आर-एन-डी लिहिलं की सगळ्या गाड्या सारख्या दिसतात, आतली यंत्रं मात्र चार तऱ्हांची. २०१४ साली सेलेरिओ आली आणि स्वस्तातलं ऑटोमॅटिक गावोगाव पोचलं, ते एएमटी. त्यात गिअरबॉक्स मॅन्युअल गाडीचाच असतो, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे काम पंप, अ‍ॅक्च्युएटर आणि कॉम्प्युटर करतात. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात, दोन पुली आणि त्यांच्यावरून धावणारा पोलादी पट्टा. डीसीटीत दोन क्लच, एकाकडे विषम गिअर आणि दुसऱ्याकडे सम. आणि चौथं जुनं, मुरलेलं टॉर्क कन्व्हर्टरचं ऑटोमॅटिक. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरू लागतो, तसं त्यात इंजिनाकडचं पातं ऑइल फेकतं आणि गिअरबॉक्सकडचं पातं त्या ऑइलनं फिरतं. एकाच तक्रारीचा अर्थ या चौघांत चार प्रकारचा निघतो. सिग्नलला उभं राहून निघताना गाडी थरथरत असेल, तर एएमटी आणि डीसीटीमध्ये मी आधी क्लचकडे बघतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हीच थरथर असेल तर आधी इंजिनाची मिसफायर, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटणं, आणि माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी टेकू.

मग गिऱ्हाइकाला बसवून विचारतो. हे काम मी पोराकडे सोपवत नाही. गाडी थंड असताना त्रास होतो की तापल्यावर? थंडीत बरी आणि तापल्यावर घसरते, असं उत्तर आलं तर ऑइल पातळ झाल्यावर झिजलेल्या सीलमधून दाब निसटतोय, असा संशय धरतो. सकाळी पहिल्यांदा डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते आणि नंतर दिवसभर ठीक चालते, तर कडक झालेली सीलं किंवा रात्रीत निथळून जाणारं ऑइल. धक्का नेमका कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरला जाताना? हलक्या पायाला की दाबून पळवताना? रिव्हर्सला काय होतं? आणि सर्वांत महत्त्वाचं, हे सुरू होण्याच्या आधी गाडीला काय झालं होतं? बॅटरी बदलली होती का, ऑइल बदललं होतं का, कुणी दोरी बांधून ओढत आणली होती का, पाण्यात उभी होती का? निम्म्या निदानाचा धागा इथेच सापडतो. लोक सांगतात सगळं. विचारणारा लागतो.

गिअरबॉक्सच्या बाहेरचे दोषी आधी संपवायचे. पाटणच्या एका डॉक्टर ताईंचा सकाळी फोन आला होता. गाडी सुरू होते, पण लिव्हर पी मधून हलतच नाही, गिअरबॉक्स जाम झालाय, टोइंगची गाडी पाठवा. मी म्हटलं, "ताई, मागे कुणाला तरी उभं करा आणि ब्रेक दाबा. ब्रेकलाइट लागतात का ते बघायला सांगा." लागत नव्हते. ब्रेक पेडलवरचा स्विच गेला होता. ब्रेक दाबल्याचं कॉम्प्युटरला कळल्याशिवाय लिव्हरचं लॉक सुटत नाही. लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं, ते उचकटून आत चावी किंवा स्क्रूड्रायव्हर दाबला की लॉक हातानं सुटतं. ते त्यांना फोनवर सांगितलं आणि मागचे दिवे लागत नसल्यानं अगदी सावकाश यायला सांगितलं. काही शे रुपयांचा स्विच बदलून त्या दवाखान्याच्या वेळेला परत पोचल्या. तुमच्याही गाडीत ते झाकण कुठे आहे ते आजच बघून ठेवा, म्हणजे आडरानात अडकणार नाही.

असे बाहेरचे दोषी आणखी आहेत. बॅटरी उतरलेली असली की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वेड्यासारखा वागतो. एएमटीत तर डॅशबोर्डवर एन लुकलुकत राहतो आणि गिअर पडतच नाही. म्हणून मीटर लावून आधी व्होल्टेज बघायचं, इंजिन बंद असताना आणि सेल्फ मारताना. बॅटरीची अर्थिंगची पट्टी गंजलेली असली तरी हेच. इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलं असेल तर डी वरून आर टाकताना धाडकन आवाज येतो, आणि माणूस शपथेवर सांगतो की आवाज गिअरबॉक्समधूनच आला. बॉनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून डी-आर करायला लावा आणि इंजिन किती उसळतं ते बाजूला उभं राहून बघा, गाडीच्या पुढे मात्र कधीच उभं राहू नका. उंदरांचं तर काय सांगू. ऊसतोडीनंतर शिवारातले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि बॉनेटखालच्या उबेला येतात. गिअरबॉक्सच्या कपलरकडे, म्हणजे वायरींच्या जोडाकडे, जाणारी वायर कुरतडली की गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे एकाच गिअरमध्ये अडकून राहते, बऱ्याच गाड्यांत तिसऱ्या. दिवा लागतो, गाडी उचलत नाही, आणि कोटेशन मात्र पूर्ण बॉक्सचं निघतं.

स्कॅनरबद्दल इथेच बोलतो, कारण माझा सगळ्यात जास्त राग त्याच्या वापरावर आहे. स्कॅनर उत्तम वस्तू आहे, माझ्याकडेही आहे. पण कोड वाचणं हे निदान नव्हे. पी०७०० हा कोड फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी म्हणायचं आहे, त्याच्याकडे जाऊन विचारा. स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरला पुष्कळदा तेवढाच दिसतो, आणि तेवढ्यावर लोकांचे गिअरबॉक्स उतरवलेले मी पाहिले आहेत. पी०७३० म्हणजे अपेक्षित गिअर आणि मोजलेला गिअर यांचं गणित जुळत नाही. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारे सेन्सर असतात, त्यांतला एक जरी चुकीचा आकडा देत असेल तरी गणित बिघडतं, गिअर पकडून धरणाऱ्या आतल्या क्लच प्लेटा मात्र धडधाकट असतात. पी०७५० आणि पुढचे बरेच कोड सोलेनॉइडचे, म्हणजे क्लचला ऑइलचा दाब सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचे. तिथे आधी कपलर काढून पिना बघायच्या, कोकणातल्या गाड्यांत त्या हिरव्या पडलेल्या सापडतात. मग ओहममीटरनं सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजायचा आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचा. हे सगळं चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं, न उघडता होतं.

आता ऑइल. "याचं ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं" हे वाक्य मी मान्य करत नाही. जगभरच्या मोठमोठ्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच तिच्या बॉक्सचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. घाटात राबणाऱ्या गाडीला मी त्याहून लवकर सांगतो. आता बहुतेक गाड्यांत डिपस्टिक नसते. गाडी लिफ्टवर समतल उचलायची, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांमधून फिरवायची, आणि ऑइल ठरवून दिलेल्या तापमानाला आलं की खालचा लेव्हल प्लग उघडायचा. बऱ्याच गाड्यांत हे तापमान ४० अंशांच्या आसपास असतं. बारीक धार पडून थेंबावर आली म्हणजे लेव्हल बरोबर. इंजिन बंद ठेवून, गार गाडीत अंदाजानं भरलेलं ऑइल कमी किंवा जास्त झालेलं असतंच. ऑइल कमी असेल तर घाटातल्या वळणावर ते चेंबरात एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि गाडी क्षणभर सुटल्यासारखी होते. वळणावरच सुटते, सरळ रस्त्यावर नाही, असं कुणी सांगितलं की मी लेव्हलपासूनच सुरुवात करतो.

काढलेलं ऑइल पांढऱ्या कागदावर घेऊन बघतो. लालसर असेल तर छान. तपकिरी म्हणजे वय झालं. काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तर क्लच प्लेटांचं अस्तर जळालंय, तिथे मी गिऱ्हाइकाला खोटी आशा दाखवत नाही. प्लगच्या किंवा चेंबरातल्या मॅग्नेटवर करड्या रंगाचा मऊ लेप असतोच, त्याला घाबरायचं नाही. बोटाला टोचणारे कण किंवा तुकडे मिळाले तर बॉक्स उघडावाच लागतो. सीव्हीटीचं ऑइल निराळं, डीसीटीचं निराळं, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांतही प्रत्येकाचं स्पेसिफिकेशन ठरलेलं. "सगळ्यांना चालतं" म्हणून विकलेलं ऑइल सीव्हीटीत घातलं तर पट्टा पुलीवर घसरून दोन्ही खरवडतात. इथे पाचशे रुपये वाचवू नका, कळकळीनं सांगतोय.

गुलाबी, दुधाळ ऑइल दिसलं तर मात्र आत पाणी आहे. ते दोन वाटांनी येतं. काही गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमधून थंड होतं, तो कूलर आतून फुटला की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. दुसरी वाट पुराची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा उभ्या उभ्या गाड्या बुडाल्या. गिअरबॉक्सला वर एक श्वासनळी असते, ब्रीदर. पाणी तिच्याही वर गेलं की आत उतरतं. लोकांनी इंजिनाचं ऑइल बदललं, सीटा वाळवल्या, गाड्या सुरू झाल्या, आणि संकटातून सावरणाऱ्या त्या माणसांना गिअरबॉक्सचं कुणी सांगितलंच नाही. काही महिन्यांनी त्या गाड्या घसरू लागल्या. क्लच प्लेटांचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं आणि पोलादावर गोंदानं चिकटवलेलं असतं. पाणी त्या गोंदाला सोडवतं. हे काम सावकाश होतं, म्हणून पुराचा आणि बिघाडाचा संबंध लक्षात येत नाही. पाण्यात बुडालेली ऑटोमॅटिक गाडी सुरू करण्याच्या आधी तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल उपसून बघा.

हे सगळं झाल्यावर ट्रायल. मी पहिल्यांदा गिऱ्हाइकालाच चालवायला लावतो आणि शेजारी बसतो, कारण त्याच्या पायाच्या सवयीनंच तो दोष दिसत असतो. मग मी चालवतो आणि पोरगा लॅपटॉपवर आकडे टिपतो.

पाटणच्याच बाजूची एक सहा गिअरची डिझेल गाडी होती. साठ-सत्तरच्या वेगात, हलक्या पायाला, कच्च्या रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर. दुसरीकडे पूर्ण बॉक्सचं कोटेशन मिळालेलं. अशा थरथरीला एक साधी कसोटी आहे. अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायानं ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करायचा, दिवा लागण्याइतकाच. टॉर्क कन्व्हर्टरच्या आत एक लॉकअप क्लच असतो, तो स्थिर वेगाला इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जखडतो म्हणजे ऑइलमधली घसरण संपते. ब्रेकचा इशारा मिळाला की तो सुटतो. त्या गाडीत स्पर्श केला रे केला की थरथर थांबायची, पाय काढला की परत. म्हणजे दोष लॉकअपच्या पकडीत. आकड्यांतही तेच. लॉकअप झाल्यावर इंजिनाचे आणि टर्बाइनचे, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या पात्याचे, फेरे जवळजवळ एक हवेत, इथे ते एकमेकांपासून सुटत होते आणि परत पकडत होते. ऑइल काळपट तपकिरी होतं, पण करपलेलं नव्हतं. चेंबर काढून फिल्टर बदलला आणि कंपनीनं सांगितलेलंच ऑइल घातलं. एका वेळी जुनं सगळं निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये बरंच अडकून राहतं, म्हणून काही दिवस चालवून परत बदललं. थरथर गेली. प्रत्येक गाडीची अशी जाईलच असं नाही, अस्तर झिजलं असेल तर कन्व्हर्टर उघडावा लागतो. पण अडीच लाखांच्या आधी ऑइलच्या खर्चाची ही पायरी चढून बघितलीच पाहिजे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडणारं काम याच्या पुढचं. एक सहा गिअरची गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना मध्येच रेस घ्यायची, फेरे वर चढायचे आणि मग गिअर बसायचा. चौथा ठीक. मालक रिव्हर्सबद्दल काही बोलला नव्हता, विचारल्यावर आठवलं, "हो, रिव्हर्स जरा उशिरा लागतो, पण ते मी सवयीनं धरून चाललोय." इथे मी कागद घेतो. आजच्या पुष्कळ सहा गिअरच्या बॉक्सची आतली रचना लेपेलतिए नावाच्या फ्रेंच इंजिनिअरच्या कल्पनेवर बेतलेली आहे. झेडएफनं ती २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आणली, नंतर ऐसिन या जपानी कंपनीनंही तीच वापरली. गंमत अशी की सहा पुढचे आणि एक मागचा एवढे गिअर फक्त तीन क्लच आणि दोन ब्रेक (चाकांचे नव्हेत, बॉक्सच्या आतले) यांच्या जोड्यांतून निघतात. ऐसिनच्या रचनेत पहिला क्लच पहिल्यापासून चौथ्यापर्यंत, दुसरा चौथ्यापासून सहाव्यापर्यंत, तिसरा तिसऱ्याला, पाचव्याला आणि रिव्हर्सला. पहिला ब्रेक दुसऱ्याला आणि सहाव्याला, दुसरा ब्रेक रिव्हर्सला. आता मालकाची तक्रार या तक्त्यावर ठेवा. तिसरा घसरतो, रिव्हर्स उशिरा. या दोघांत सामाईक एकच, तिसरा क्लच. तसं असेल तर पाचव्यालाही घसरायला हवं. महामार्गावर नेऊन चौथ्यावरून पाचवा मुद्दाम पाडला, तिथेही फेरे उसळले. चौथा आणि सहावा निर्मळ.

बॉक्स न उतरवता एवढं ठरलं. पुढचा प्रश्न, क्लच स्वतः गेलाय की त्याला दाब देणारा सोलेनॉइड. चेंबर आणि व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑइलचा दाब वाटून देणारा भाग, काढली की त्या क्लचकडे जाणारं ऑइलचं भोक उघडं पडतं. तिथे रबरी टोकाच्या गननं कंप्रेसरची हवा मोजक्या दाबानं सोडायची. क्लच धड असेल तर आत "ठप्" असा भरीव आवाज येतो. इथे फुसफुस आली, हवा कडेनं निसटत होती. म्हणजे सील. तेव्हा कुठे मी बॉक्स उतरवला. तिसऱ्या क्लचच्या पिस्टनचं सील कडक होऊन चिरलं होतं, आणि त्यामुळे कमी दाबावर घसरून त्याच्या प्लेटा करपत आल्या होत्या. त्या प्लेटा, सगळी सीलं आणि फिल्टर बदलले, स्कॅनरनं जुनं शिकलेलं पुसून नवं अ‍ॅडॅप्टेशन करून घेतलं. कोटेशनच्या निम्म्याहून कितीतरी कमीत गाडी रस्त्यावर आली.

हीच पद्धत डीसीटीला लागू होते. सात गिअरच्या कित्येक डीसीटीत १-३-५-७ एका क्लचवर, २-४-६ आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. सगळे सम गिअर आणि रिव्हर्स एकदम गायब झाले, तर चार गिअर एकाच दिवशी झिजले असं होत नसतं. दोष त्या बाजूच्या क्लचमध्ये किंवा त्याला चालवणाऱ्या यंत्रणेत.

एएमटीवाल्यांसाठी कान हेच हत्यार. काही गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की गुर्रर असा पंपाचा आवाज येतो, गाडी दाब भरून घेते. तो थोडा वेळ चालून थांबायला हवा. सारखा सारखा सुरू होत असेल तर दाब टिकत नाही, तो साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर किंवा गळती शोधायची. क्लच जळण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा घाटात सापडतं. कुंभार्लीच्या चढावर ट्रकच्या मागे थांबताना ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. क्लच तेवढा वेळ घासत राहतो. हँडब्रेक लावा.

स्टॉल टेस्ट म्हणून एक प्रकार आहे, ब्रेक दाबून डी मध्ये पूर्ण रेस देऊन फेरे कुठे थांबतात ते बघायचं. ती घरी करू नका. पाच सेकंदांपुढे गेली तर ऑइल उकळतं, आणि ब्रेक कमजोर असेल तर समोर काय आहे त्यावर सगळं अवलंबून.

गाडी आणायची वेळ आलीच तर इंजिन जी चाकं फिरवतं ती जमिनीवर ठेवून दोरीनं ओढत आणू नका. इंजिन बंद असलं की ऑइलचा पंप बंद असतो, चाकं मात्र आतले गिअर कोरडेच फिरवत राहतात. चारही चाकं वर घेणारी गाडी मागवा. आणि कुठल्याही गॅरेजमध्ये बॉक्स उघडायला संमती देण्याआधी विचारा, कोणता क्लच, कोणता सोलेनॉइड, कशावरून? काढलेले भाग दाखवायला सांगा. हा तुमचा हक्क आहे, आणि चांगला मिस्त्री ते भाग तुम्ही मागायच्या आधीच ट्रेमध्ये काढून ठेवतो.